मंगळवारचा पाइप

आषाढ अर्धा सरला की आईचं डावं मनगट ठणकायला लागतं. वराळ्याच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती खिडकीपाशी बसते, ओवा भाजून फडक्यात बांधते आणि ती पुरचुंडी मनगटावर दाबून धरते. खाली कंपन्यांच्या बस चिखल उडवत जातात.   अशा वेळी माझ्या डोळ्यांसमोर हटकून एक लाकडी स्टँड येतो, सात भोकांचा, आणि त्यात ओळीनं उभे असलेले सात पाइप. एखाद्या माणसाचा राग राग करणं समजू शकतं. मी त्या पाइपांचाही करते.

तो पावसाळा आता आठ-नऊ वर्षं मागे गेला. नर्सिंगचा कोर्स करून मी तेव्हा एका ब्युरोत नाव नोंदवलं होतं. आजारी माणसांच्या घरी राहायला नर्स पाठवायची, असं त्या ब्युरोचं काम. जूनच्या सुरुवातीला ब्युरो चालवणाऱ्या बाईंनी मला लोणावळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एका बंगल्यावर पाठवलं. पेशंट म्हणजे रणदिवे नावाचे पंचाहत्तरीचे गृहस्थ, एका कारखान्याचे निवृत्त चीफ इंजिनियर. मार्चमध्ये त्यांना लकव्याचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत चालायचे, तोंड एका बाजूला किंचित उतरलं होतं. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा परदेशात. बोलणं थोडं जड झालं होतं, पण ओरडणं शाबूत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही. आडनाव विचारलं.

"ओव्हाळ," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"भाज्याच्या. मळवली स्टेशनजवळ."

"अच्छा," ते म्हणाले. त्या 'अच्छा'चा अर्थ मला संध्याकाळी चहाच्या वेळी कळला. स्वयंपाक करायला हौसामावशी यायच्या, वरच्या ठाकरवाडीतून. त्यांनी मोरीजवळच्या फळीवरचा एक स्टीलचा कप काढला, त्यात मला चहा दिला आणि मान खाली घालून म्हणाल्या, "हा तुझा. माझा त्यो पल्याडचा. कपाटातल्या कपांना आपुन हात लावायचा न्हाई."

मी चहा प्यायले. आज मला त्याची लाज वाटते. पण मी प्यायले, हे खरं आहे. नवं काम होतं, घरी आईला मी सांगून आले होते की बंगला मोठा आहे, काम हलकं आहे.

लोणावळ्याचा पावसाळा बघायला माणसं लांबून येतात, दोन दिवस भिजतात आणि जातात. जे राहतात त्यांना तो निराळा भेटतो. ढग दारातून आत येतो आणि गादीवर बसतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. काडी ओढली तर गूळ चोळल्यासारखी पेटीवर सरकते, पेटत नाही. हौसामावशी काडेपेटी कुकरच्या झाकणावर ठेवून शेकायच्या. पांघरुणं, पायपुसणी, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्याला एक आंबूस ओल. माझे दोन पांढरे गणवेश कोळशाच्या शेगडीवर टोपलं पालथं घालून वाळवावे लागत, आणि अंगात घातले की धुराचा वास यायचा.

अशा हवेत त्या माणसाला पाइप ओढायचा असे. डॉक्टरांनी तंबाखू बंद म्हणून सांगितलं होतं. मुलगा फोनवर मला म्हणाला, "सिस्टर, ते ऐकणार नाहीत. दिवसाला एकच द्या, साडेचारला." त्यामुळे साडेचारचा तो एक पाइप म्हणजे त्या घरातली आरती होती. आणि तो भरण्यापासून साफ करण्यापर्यंतची सगळी कामं, त्यांचा उजवा हात गेलेला असल्यामुळे, माझ्याकडे आली.

पाइप सात होते. सातही एका घाटाचे, एका काळपट तांबूस लाकडाचे. निवृत्त होताना हाताखालच्या लोकांनी दिलेला तो संच होता. नळीजवळ चांदीचं कडं आणि त्यावर वाराचं अक्षर कोरलेलं. अक्षर इतकं बारीक, की चष्मा लावूनही त्यांना ते धड दिसत नसे. सोमवारी सोमवारचा, मंगळवारी मंगळवारचा. एकदा ओढला की तो आठवडाभर विश्रांती घेणार.

"विश्रांती का, माहीत आहे?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं.

"लाकूड घाम पितं. तुम्ही ओढता तेव्हा धुरातली सगळी ओल त्या लाकडात जाते. ते वाळायला पाहिजे. वाळायच्या आत पुन्हा पेटवला की जीभ भाजते, तळाशी गुरगुर होते, आणि धूर आंबट लागतो. पुण्यात दोन दिवस पुरतात. इथं, या हवेत, आठवडा. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं ते सांगा."

मी शाळेतल्यासारखं परत म्हणून दाखवलं. चुकले तिथं ते थांबवायचे आणि पहिल्यापासून म्हणायला लावायचे.

तंबाखू तीन चिमटीत भरायचा. पहिली चिमूट हलक्या हातानं, नुसती सोडायची. दुसरी थोडी दाबून. तिसरी अंगठ्यानं. ओढून बघितलं तर हवा यायला हवी, पण सहज नाही. दोनदा पेटवायचा, पहिली काडी फक्त वरचा थर फुलवण्यासाठी. ओढून झाला की लगेच नळी उपसायची नाही, गरम असताना उपसली तर सांधा सैल होतो. थंड झाला की राख झटकायची, तळाशी ओला गाळ राहतो तो काढायचा, केसाळ तार नळीतून दोनदा फिरवायची, मग तंबाखूची वाटी खाली आणि नळी वर असा स्टँडमध्ये उभा करायचा. वाटीच्या आत काजळीचा एक थर धरतो, तो खरवडायचा नाही. तो लाकडाचं चिलखत असतो. चिलखत हा त्यांचा शब्द.

पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा केला. शनिवारचा पाइप फारच ओला वाटला म्हणून गणवेशाच्या टोपल्याशेजारी, शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवला. रणदिव्यांनी तो आरामखुर्चीतून पाहिला आणि जे ओरडले, ते ऐकून हौसामावशी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या.

"भाजायचाय का तो? तडकेल! लाकूड तडकेल! त्याला घाई चालत नाही, गावठी अक्कल चालवायची नाही इथं!"

मी पाइप उचलला. तो नुसता कोमट झाला होता. मी तो गणवेशाच्या कडेनं पुसला, आणि तोंडात धरायची नळीही बोटांनी पुसून स्टँडमध्ये ठेवली. रोजच पुसत असे. मागे वळले तर हौसामावशी माझ्याकडे बघत होत्या. आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तुझ्या कपाचा इटाळ हाय, आन् तुझ्या बोटाचा न्हाई व्हय? त्वांडात घालतोय की सरळ."

त्या हसल्या. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. साडेचारला मी ज्या बोटांनी नळी पुसली होती तीच नळी त्यांनी ओठांत धरली आणि डोळे मिटले. ही गोष्ट त्यांना दिसत नव्हती, की दिसूनही ते डोळे मिटत होते, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

मी हेही लिहायला हवं की ते काम मला चांगलं येऊ लागलं. तार किती फिरली म्हणजे पुरे, तंबाखू किती दाबला म्हणजे बरोबर, हे बोटांना आपोआप कळायचं. गुरुवारच्या पाइपच्या लाकडात बारीक डोळे होते, पाण्यात खडा टाकल्यावर वलयं उठावीत तसे, आणि तो साफ करताना मी जरा जास्त वेळ घ्यायची. कुणाचा तरी तिरस्कार करत असताना त्याचंच काम मन लावून करणं ही एक विचित्र अवस्था असते. नर्सिंगमध्ये ती नेहमीची आहे. आम्हाला ती कोणी शिकवत नाही.

जुलै लागला. भाज्याला आमचं शेत आहे, डोंगराच्या पायथ्याशी, पंधरा-वीस गुंठ्यांचं. लेण्यांकडे आणि धबधब्याकडे जाणारे लोक शनिवार-रविवारी आमच्या बांधाला गाड्या लावतात. वडील गेल्यापासून शेत आई बघायची. भाताची रोपं वीतभर झाली की आवणी, म्हणजे ती उपटून चिखलात पुन्हा लावायची. हे एकट्याचं काम नाही. आमच्याकडे सावड चालते: आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत, उद्या माझं. घरातलं माणूस दुसऱ्याच्या शेतात गेलं नाही, तर आपल्या शेतात कोण कशाला येईल?

आईचा फोन आला. "पुढच्या बुधवारी आपली पाळी धरलीया. त्याच्या आदल्या दिशी शेजारच्यांची. दोन दिस ये गं पोरी. मी एकली कुटं कुटं पुरू?"

मला त्या घरात येऊन तेव्हा सहावा आठवडा चालू होता. एकही सुट्टी झाली नव्हती. साडेचारचा पाइप संपल्यावर माणूस जरा निवांत असतो, असा हिशेब करून मी विचारलं.

"साहेब, पुढच्या मंगळवार-बुधवारी घरी जाऊ का? आवणी आहे. आई एकटी आहे."

"म्हणजे काय?"

"भात लावायचं."

"मजूर लावा की."

"आमच्यात एकमेकांकडे जातात, साहेब. आपण गेलं नाही तर कोणी येत नाही."

"आणि इथं?"

"औषधं मी डब्यात वारांप्रमाणे भरून ठेवते. हौसामावशी दोन दिवस राहते म्हणाल्या. त्यांचा मुलगा तुम्हाला अंघोळीला धरेल."

 मला वाटलं हो म्हणतील. मग म्हणाले, "पाइप कोण लावणार?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते गंमत करत नव्हते.

"तिला जमणार नाही," ते म्हणाले. "ती स्वयंपाकाची बाई आहे. सगळं चक्र बिघडवून ठेवेल. नाही. सुट्टी हवी तर ब्युरोकडून बदली मागवा, शिकलेली. तिला तुम्ही सगळं दाखवा आणि मग जा."

ब्युरोच्या बाई म्हणाल्या, पावसाळ्यात सगळ्या बायका आवणीला जातात, बदली दहा दिवस तरी मिळणार नाही. आणि पेशंट सोडून निघून आलीस तर पुन्हा नाव लावणार नाही.

मी गेले नाही.

ही ओळ मी इथं एकटी लिहिली आहे, कारण इतकी वर्षं मी ती दुसऱ्याच्या नावावर लिहीत आले. त्यांनी सोडलं नाही, बाईंनी धमकावलं, हे खरंच आहे. पण तुंगार्लीहून मळवली दूर नाही. मी पिशवी उचलून गेटबाहेर पडले असते तर दुपारच्या जेवणाला घरी असते.

मंगळवारी आई एकटीच शेजाऱ्यांच्या शेतात गेली. आमच्या घरातून एकच माणूस गेलं म्हणून बुधवारी आमच्याकडेही माणसं कमी आली. अंधारून आलं तरी अर्धं शेत राहिलं, तेव्हा सगळे गेल्यावर आई रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन पुन्हा बांधावर चढली, आणि तिचा पाय घसरला.

मला गुरुवारी सकाळी कळलं. तेही तिनं असं सांगितलं: "काय न्हाई, बांदावरून सटाकले जरा. हात सुजलाय. त्या गावातल्या वैद्यानं पट्टा बांदलाय."

"आई, एक्स-रे काढ. कामशेतला जा."

"कुनासंगं जाऊ? समदी आवणीत हाईत. तू आलीस मंजी जाऊ."

मी रणदिव्यांना सांगितलं. आईचा हात मोडला असावा, म्हटलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "वाईट झालं. बदलीचं काय म्हणतात?"

त्या दिवशी साडेचारला मी गुरुवारचा पाइप काढला नाही. दोन दिवसांपूर्वी ओढलेला मंगळवारचा काढला. लाकूड अजून थंड आणि ओलसर लागत होतं. मी तीन चिमटीत तंबाखू भरला, तसाच, शिकवल्याप्रमाणे. दोन काड्या लावल्या. आणि आत जाऊन दाराआड उभी राहिले. ओरडण्याची वाट बघत.

ते ओरडले नाहीत. डोळे मिटून ओढत राहिले. "गुरुवार छान आहे," असंही म्हणाले.

शुक्रवारी पुन्हा मंगळवारच. आता मी तारही फिरवली नाही, गाळही काढला नाही. राख तेवढी झटकली. शनिवारी तो गुरगुरायला लागला, तापलेल्या कुकरच्या शिट्टीखाली पाणी खदखदतं तसा. मी दाराआडून ऐकत होते. ते म्हणाले, "दमट हवा आहे." रविवारी, सोमवारी, मंगळवारी, तोच. त्याचा वास आता मला सहन होत नव्हता; विझलेल्या चुलीत पाणी ओतल्यावर येतो तसा, आणि त्यात काहीतरी आंबलेलं. स्टँडमधले बाकीचे सहा पाइप कोरडे ठणठणीत उभे होते. आणि हा माणूस रोज मला वार विचारत होता, रोज मान डोलवत होता, रोज म्हणत होता, "बघा, विश्रांती दिली की कसा बोलतो पाइप."

मला आधी आनंद झाला. मग भीती वाटली. मग एका दुपारी, त्यांना जेवण भरवताना, खिरीत साखर घालायची हौसामावशी विसरल्या होत्या आणि ते ती "उत्तम" म्हणून खात होते, तेव्हा मला कळलं. त्यांना चव लागत नव्हती. वासही येत नव्हता. लकव्यानंतर काही जणांचं असं होतं. कोर्सला असताना आम्ही ते वाचलं होतं. सहा आठवडे मी त्यांच्यासाठी जे चक्र राखत होते, ज्यासाठी मी घरी गेले नव्हते, त्यातलं त्यांना काहीही कळत नव्हतं.

तरी मी थांबले नाही. नऊ दिवस मी तोच पाइप देत राहिले. यात थोडा सूड होता, आणि कळून चुकल्यावर थोडं तमाशा बघणंही होतं. मी माझी बाजू चांगली करून सांगणार नाही.

दहाव्या दिवशी, शनिवारी, त्यांचे मित्र बापट पुण्याहून आले. कारखान्यातले जुने सहकारी. तेही पाइप ओढायचे. हा नाद रणदिव्यांना लावला तो त्यांनीच. दोघं व्हरांड्यात बसले. मी मंगळवारचा पाइप भरून दिला. कारण आता दुसरा देणं मला जमेना. नऊ दिवस जे केलं ते पाहुण्यासमोर लपवणं मला नको होतं. बोलता बोलता रणदिव्यांचा पाइप विझला, आणि डाव्या हातात काडी थरथरायला लागली म्हणून बापटांनी सहज पाइप हातात घेतला. नाकाजवळ नेला. आणि झटक्यात मागे घेतला.

"अरे, हा काय आहे? हा नासलाय पार! कसा ओढतोयस तू हा?"

रणदिव्यांनी डोळे उघडले.

बापटांनी चष्मा वर करून कडं बघितलं. "आणि हा मंगळवार आहे. आज शनिवार ना? किती दिवस ओढतोयस एकच?"

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. रणदिव्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं एका क्षणात समजलं, हे मला त्यांच्या गळ्यावरून कळलं. तिथली शीर उडाली. मग ते बापटांकडे वळले आणि म्हणाले, "मीच म्हटलं. एकच सलग ओढून बघावा. लोक म्हणतात तेवढा फरक पडतो का ते."

"तू?" बापट हसले. "तू असले प्रयोग करणार? आणि पडला का फरक?"

"पडतो," रणदिवे म्हणाले. "फार पडतो."

बापट गेले. गेट बंद झाल्याचा आवाज आला. ढग व्हरांड्यात इतका आत आला होता की कुंड्या दिसत नव्हत्या.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"आज दहावा."

"मुद्दाम?"

"हो."

"का?"

"आईचा हात मोडलाय. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. मला वाटलं होतं, मी हे बोलेन तेव्हा निदान त्यांचा चेहरा पडेल.

"तुम्हाला चव कळत नाही, साहेब," मी म्हटलं. "वासही येत नाही. कधीपासून?"

ते ढगात बुडालेल्या कुंड्यांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "दवाखान्यातून आल्यापासून. समीरला सांगायचं नाही." समीर म्हणजे मुलगा.

"मग हे सगळं कशासाठी? सात पाइप, रोजची तार, चक्र बिघडेल म्हणून मला अडवून ठेवलंत. तुम्हाला कळतच नाही तर कशासाठी?"

"मला कळत नाही म्हणून लाकडाचे हाल करायचे?" ते ओरडले. जड जिभेनं, थुंकी उडवत. "त्यानं काय केलं तुमचं? दहा दिवस! एक दिवस उसंत दिली नाहीत त्याला!"

आणि मग मी जे बोलले ते सगळं मला आठवत नाही. लाकडाचे हाल, लाकडाचे हाल, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी म्हटलं, मला सात आठवडे उसंत नाही. मी म्हटलं, माझी आई पासष्टची आहे आणि ती पण घाम गाळते. मी म्हटलं, माझा कप मोरीवर आणि माझी बोटं तुमच्या तोंडात. हे म्हटल्यावर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"फोन द्या," ते म्हणाले.

त्यांनी ब्युरोला फोन लावला. ही बाई नको, दुसरी पाठवा, इतकंच बोलले. सोमवारी सकाळी दहा वाजता दुसरी बाई दारात उभी होती, छत्री मिटत. माझ्या आईच्या हातासाठी जी बदली दहा दिवस मिळत नव्हती ती मंगळवारच्या पाइपसाठी दीड दिवसात मिळाली. तिला मी औषधं दाखवली, चादरी दाखवल्या. पाइपांचंही दाखवलं. तीन चिमटी, दोन काड्या, तार, वाटी खाली. का दाखवलं ते विचारू नका. अर्धवट काम टाकून जायची सवय नव्हती, एवढंच. मंगळवारचा पाइपही मी रविवारी साफ करून ठेवला होता; रममध्ये बुडवलेल्या कापसानं आतून पुसला, तीनदा, कापूस पांढरा निघेपर्यंत. तो स्टँडमध्ये उभा केला आणि नव्या बाईला म्हटलं, याला महिनाभर हात लावू नका.

पिशवी घेऊन निघाले तेव्हा रणदिवे व्हरांड्यात होते. त्यांच्या मांडीवर तंबाखूचा चपटा डबा होता, नवा, नुकता फोडलेला. मी पायऱ्यांपर्यंत गेले.

"सिस्टर."

मी थांबले.

"एक सांगून जा." त्यांनी डाव्या हातानं डबा माझ्याकडे धरला.  "बापटनं आणलाय परवा. आम्ही दोघं तिशीत होतो तेव्हा हाच ओढायचो. नंतर मिळेनासा झाला. याचा वास कसा येतोय?"

मी पुढे झाले आणि वाकून वास घेतला.

मी तो कधीच विसरलेले नाही. सात आठवडे ज्या तंबाखूला मी हात लावत होते तो त्यापुढे काहीच नव्हता. आधी काकवी आली, गुऱ्हाळावरची, कढईतून नुकती काढलेली. तिच्या मागून काळ्या मनुका. मग मळणी झाल्यावर खळ्यावर ऊन खात पडलेला पेंढा. आणि अगदी शेवटी, श्वास सोडता सोडता, काहीतरी असं की ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही; नव्या कोऱ्या वहीसारखं, किंवा कुणाच्या तरी स्वच्छ गळ्यासारखं. हे सगळं एका श्वासात. मी मान वर केली तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी पेशंटच्या थर्मामीटरकडे बघते तसे.

सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. शब्द माझ्याकडे होते. बघा, आजही आहेत.

"तंबाखूचा येतो," मी म्हटलं.

"बस?"

"बस."

त्यांनी मान हलवली. डबा मांडीवर घेतला आणि झाकण लावायला लागले. एका हातानं ते लागेना. एकदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं. मी तिथंच उभी होते, दोन पावलांवर. तिसऱ्यांदा त्यांनी डबा पोटाशी दाबून धरला आणि ते लागलं. मग मी पायऱ्या उतरले.

त्याच दुपारी मी आईला कामशेतला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, हाड वाकडं बसलंय. आता बसवायचं तर पुन्हा मोडून बसवावं लागेल. आई नको म्हणाली. ज्या हातात रोपांची मूठ धरायची तो हात पुन्हा कधी पुरता मिटला नाही, आणि दोन वर्षांत आम्ही शेत दुसऱ्याला करायला दिलं. ब्युरोनं माझं नाव काढलं. मी तळेगावच्या एका हॉस्पिटलमध्ये लागले, तिथंच आहे. वॉर्डमधल्या नव्या मुलींच्या सुट्ट्या मी लावते, आणि त्यावरून मॅनेजरशी माझं दर पावसाळ्यात भांडण होतं. ते करताना मला बरं वाटतं.

रणदिवे पुढच्या हिवाळ्यात गेले. हौसामावशी कार्ल्याच्या बाजारात भेटल्या तेव्हा कळलं. "शेवटपत्तुर सात पाइप लावून घेत व्हता," त्या म्हणाल्या. "ओढत नव्हता नंतर. नुसता हातात धरून बसायचा. मंग ठिवायला लावायचा."

मला वाईट वाटलं का? त्यांच्याबद्दल नाही. हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. तो माणूस माझ्या आईपेक्षा लाकडाशी चांगला वागला, आणि मरेपर्यंत त्याला त्यात काही चूक दिसली नाही. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करण्याची इच्छाही नाही.

पण एका माणसाला जे हवं होतं ते माझ्या नाकात होतं, तोंडाशी आलं होतं, आणि मी ते गिळलं. त्यासाठी मला कोणी अडवलं नव्हतं. ब्युरोही नव्हता, बाईही नव्हत्या. तेवढं मी माझं मी केलं.